धुवण

झोप, बुआवोन. आज तुझ्या खाटेखाली विस्तव नाही.
राख मीच भरली संध्याकाळी,
चिंचेची फोडलेली लाकडं
तशीच पडलीत जिन्याशी. भिजू देत.

दीड महिना शेकलं तुला.
भाजलेलं आलं, मीठ, चिकट भात,
मुठीत मावेल एवढा गोळा,
पानावर दुसरं काही नाही.
मासा बाळाला बाधतो, म्हशीचं मांस वातूळ,
भोपळ्याच्या कोंबांकडे तर बघायचंही नाही:
मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या.
कुणी मोडलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही.

तू पाजत होतीस. फक्त अंगावरचं.
पाण्याचा थेंब नाही, चघळलेल्या भाताचं बोट नाही,
दवाखान्यातल्या पोरीनं बजावलं होतं तसं,
सहा महिने.
त्यावरून मी भांडले तुझ्याशी.
माझी तिघं चघळलेल्या भातावर वाढली, म्हणाले.
वाढली ती तिघं.
बाकीच्यांचं म्हणाले नाही.

दूध होतं की तुला! चटई भिजायची.
पोरगा चुरुचुरु ओढायचा, गाल भरले होते,
आणि परवा पहाटे
त्यानं रडायला तोंड उघडलं
आणि काहीच आलं नाही.

ओठ वाकडे, कपाळावर घाम, छाती भात्यासारखी.
नदीच्या पलीकडून कुणी हाक मारावी
आणि आपल्याला दिसावं नुसतं तोंड.

मी ओळखलं.
तू त्याचा गळा चोळत होतीस, तेव्हाच ओळखलं.
माझा दुसरा असाच रडला होता. चौथीही.
कुणीतरी गळ्यावर बसलंय म्हणून
मनगटांना पांढरे दोरे बांधले, मंत्र म्हणवले, कोंबडं दिलं.
दोघं फणसाखाली आहेत.
तिकडचं सरपण मी आणत नाही.

नावेत तू, कुशीत ते मुकं रडणं.
खान नदीचं पाणी उतरलेलं, तळ खडकांना घासत होता.
नर्स विलायनं एकच विचारलं:
काय खातेस तू?
तू माझ्याकडे पाहिलंस.
मी नावाड्याकडे.

मांडीत एक सुई. बाटली माझ्या अंगठ्याएवढी.
दुपार कलायच्या आत
कॉटवरून किंकाळी आली,
चिडकी, घोगरी, मांजराच्या पिलासारखी.
अख्ख्या वॉर्डनं वळून पाहिलं.
मी खाली बसले. गुडघ्यांत काही राहिलं नव्हतं.

मग ती म्हणाली, भात कसा करता, आजी?
रात्रभर भिजवतो, म्हटलं. तीनदा धुतो, चांगला पांढराशुभ्र.
आणि पाणी?
फळ्यांच्या फटीतून खाली.
खाली कोण असतं?
डुकरं, म्हटलं,
आणि ती गप्प राहिली, आणि मीही.

आमची डुकरं कधी आजारी पडली नाहीत.
लग्नाला, मर्तिकाला, गावातली सगळ्यांत जाड, आमची.
तीस वर्षं मी वर उभी राहून ओतत होते,
खाली घटाघटा आवाज यायचा
आणि वर माझ्या मांडीवर
एक पोर आवाजाशिवाय रडत होतं.
दूध पांढरं होतं. दूध भरपूर होतं.
दूध खोटं नव्हतं गं,
त्याला द्यायला माझ्याचकडे नव्हतं.

तिळाचं कूट केलंय. मूग भिजलेत.
तुझा नवरा रात्रीच जाळं टाकून आला,
बोटाएवढे मासे आहेत, काट्यांसकट शिजवीन.
तांदूळ एकदाच धुतले.
सासू आज उठून आली तर तिलाही हेच वाढीन,
बोलली तर बोलू दे.

उठलीस की आधी तू जेव.
तो जागा होईल, हातपाय झाडील.
लगेच घेऊ नकोस त्याला.
थोडं रडू दे.
मला ऐकायचंय.